एम्प्लॉयी रिव्ह्यूज दोन टोकांचे, मग कंपनीतलं आतलं वातावरण कळायचं कसं?

घाई_नाही (प्रश्न)

नमस्कार मंडळी, जरा लांबडं लिहिलंय सांभाळून घ्या. बरीच वर्षं बॅकएंडला काम करतेय, आता एका मोठ्या प्रोडक्ट कंपनीची ऑफर हातात आहे, पेमेंट्सची टीम, काम आवडीचं, पॅकेज पण बरं. अडचण अशी की काल त्यांचे एम्प्लॉयी रिव्ह्यू वाचायला बसले आणि डोकं गरगरलं. एकजण म्हणतो असं कल्चर कुठे नाही, मॅनेजर सपोर्टिव्ह, शिकायला भरपूर, आणि त्याच्याच खाली दुसरा म्हणतो पळा इथून, रात्री बारालासुद्धा पिंग येतो आणि अप्रेझलला ठरावीक लोकांचीच वर्णी लागते. दोघंही त्याच ऑफिसातले, त्याच वर्षातले. खरं कोणाचं मानू?

एचआरला विचारलं तर त्यांनी व्हॅल्यूजची पीडीएफ पाठवली 😀 ओनरशिप, ट्रान्सपरन्सी, कस्टमर फर्स्ट, जे सगळीकडेच असतं. माझ्या आत्ताच्या कंपनीत ट्रान्सपरन्सी असं भिंतीवर हे एवढ्या मोठ्या अक्षरात लिहिलंय, आणि आमची टीम बंद होणार हे आम्हाला क्लायंटच्या माणसाकडून कळलं. तर ज्यांनी अशा ठिकाणी काम केलंय, खास करून ज्यांनी माणसं सांभाळलीयत, त्यांनी सांगा की जॉइन व्हायच्या आधी काय विचारायचं आणि कोणाला. "सगळीकडे सारखंच असतं" हे उत्तर नको, ते घरी रोज मिळतं.

बग_बहाद्दर

पाच स्टार आणि एक स्टार दोन्ही बाजूला ठेव आणि तीन स्टारवाले वाच. त्यांना ना कोणाला खूष करायचं असतं ना कोणावर सूड उगवायचा असतो. आणि तारखा बघ, हे लोक विसरतात. आमच्याकडे जॉइनिंगच्या पहिल्याच आठवड्यात एचआर गोड आवाजात सांगायची की वेळ मिळाला तर रिव्ह्यू टाका हं, आता ज्याला अजून कोडच्या रिपॉझिटरीचा ॲक्सेस मिळालेला नाही तो बिचारा काय लिहिणार, "अमेझिंग पीपल". एखादा खरमरीत रिव्ह्यू आला की चार दिवसात पाच स्टारची रांग लागायची आणि सगळ्यांची भाषा एकाच साच्यातली.

एक स्टारवाल्यांमध्ये माणूस नक्की कशावर चिडलाय ते बघ. नुसतं "टॉक्सिक" लिहिलं असेल तर सोडून दे, त्यातून काही हाती लागत नाही. पण "मंजूर झालेली सुट्टी रिलीजच्या आठवड्यात रद्द केली" असं लिहिलेलं असेल आणि तेच दोन-तीन वेगळ्या लोकांनी वेगळ्या वर्षी लिहिलं असेल तर ते खरं धरून चाल.

अजून एक म्हणजे ले-ऑफच्या आधीचे आणि नंतरचे रिव्ह्यू एका तागडीत घालू नकोस. नोव्हेंबर २०२२ मध्ये मेटाने ११,००० च्या वर लोक काढायचं जाहीर केलं, जानेवारी २०२३ मध्ये गूगलने साधारण १२,००० आणि मायक्रोसॉफ्टने १०,०००, आणि मग सगळ्या इंडस्ट्रीचाच सूर बदलला. २०२१ सालचा "वर्क लाईफ बॅलन्स एक नंबर" हा रिव्ह्यू कंपन्या माणसांच्या मागे पळत होत्या तेव्हाचा आहे. तो आज वाचून काही उपयोग नाही.

निवांत_कोडर

एवढा रिसर्च करून काय मिळणार. मॅनेजर चांगला मिळाला तर कंपनी चांगली, नाहीतर नाही, बाकी कल्चर बिल्चर एचआरच्या पोस्टरपुरतं. मी तर फक्त मॅनेजर बघतो आणि सही करतो.

रात्रीचा_पेजर

@घाई_नाही मी एकच प्रश्न विचारतो आणि तो इंटरव्ह्यू घेणाऱ्या इंजिनीअरलाच विचारतो: मागच्या वेळी प्रोडक्शन (म्हणजे ग्राहक वापरतात ती चालू सिस्टीम) पडलं तेव्हा पुढचे दोन दिवस काय झालं?

हा प्रश्न का, तर मी दोन्ही प्रकार बघितलेत. एका ठिकाणी कॉन्फिगमधला एक बदल गेला, डेटाबेसचा कनेक्शन पूल भरला आणि चेकआउट बंद पडलं. कॉलवर पंचवीस-तीस लोक, अजून रोलबॅक, म्हणजे बदल मागे घेणं, चालू होता, ग्राफ खाली यायचाय, तेवढ्यात डायरेक्टर जॉइन झाले आणि त्यांचा पहिला प्रश्न, "मर्ज कोणी केलं?" म्हणजे हा बदल मुख्य कोडमध्ये कोणी घातला. कॉल एकदम शांत. ज्या पोराने केलं होतं त्याने अनम्यूट करून आपलं नाव सांगितलं आणि नंतर त्याचं रेटिंग काय झालं ते सगळ्यांनी बघितलं. त्याला शिक्षा झाली हे वाईटच, पण खरं नुकसान पुढे झालं. लोकांनी गुरुवारनंतर मर्ज करणंच सोडलं, कोड रिव्ह्यूला मुद्दाम चार-चार नावं टाकायला लागले म्हणजे वेळ आली तर जबाबदारी वाटली जाईल, आणि रात्रीचा रिकन्सिलिएशन जॉब (व्यवहारांचा हिशोब जुळवणारा प्रोग्राम) फेल होतोय हे माहिती असून कोणी तोंड उघडत नव्हतं कारण जो बोलेल त्याच्या गळ्यात पडणार. शेवटी फायनान्सवाल्यांनी येऊन विचारलं की हिशोब का जुळत नाहीये.

दुसऱ्या कंपनीत त्याच तोडीचा घोळ झाला, पण ज्याच्या हातून झाला तोच दुसऱ्या दिवशी डॉक्युमेंट उघडून टाईमलाईन लिहायला बसला, कारण काय टाईप केलं आणि स्क्रीनवर काय दिसलं हे त्यालाच सगळ्यात जास्त माहिती. त्यात नावं नव्हती, "ऑन-कॉल इंजिनीअर" (बिघाड झाला तर धावायची ज्याची पाळी असते तो) एवढंच. आणि चर्चा कशावर, तर एवढा धोकादायक बदल एकाच अप्रूव्हलवर थेट शंभर टक्के ट्रॅफिकला जाऊच कसा शकतो. याला ब्लेमलेस पोस्टमॉर्टेम म्हणतात, एट्सी या ऑनलाईन बाजाराच्या कंपनीतल्या जॉन ऑलस्पॉ यांनी २०१२ मध्ये यावर लिहिलं होतं आणि मग बऱ्याच कंपन्यांनी ते उचललं. नाव सगळेच घेतात, करतात थोडेच.

म्हणून उत्तर ऐकताना बारकाईने ऐक. "आमच्याकडे असं होतच नाही" असं कोणी म्हणालं तर ती धोक्याची घंटा समज. हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी नव्वदच्या दशकात हॉस्पिटलमधल्या टीम्सचा अभ्यास केला होता, अपेक्षा अशी की चांगल्या टीमच्या हातून चुका कमी होतील, आणि आकडे निघाले बरोब्बर उलटे, चांगल्या टीम्सच्या नावावर चुका जास्त. नंतर लक्षात आलं की तिथले लोक चुका लपवत नव्हते म्हणून त्या नोंदीत येत होत्या. पुढे गूगलने १८० च्या वर टीम्स तपासल्या तेव्हाही हाच धागा वर आला, की टीममध्ये बेधडक बोलता येतं का.

जुना_मॅनेजर

@निवांत_कोडर मॅनेजर महत्त्वाचा हे मान्य, पण मॅनेजर काय तुझ्याबरोबर ऑफर लेटरमध्ये येतो का? सही करून जॉइन होईपर्यंत री-ऑर्ग, म्हणजे टीम्सची फेररचना, झालेलं असतं. ज्याने इंटरव्ह्यू घेतला तो दुसऱ्या ऑर्गमध्ये आणि तू तिसऱ्याच कोणाच्या हाताखाली, हे मी इतक्यांदा बघितलंय की आता मोजत नाही. आणि मॅनेजर देवमाणूस असला तरी रेटिंगचे नियम त्याच्या हातात नसतात.

कॅलिब्रेशनमध्ये, म्हणजे सगळ्यांची रेटिंग पक्की करायच्या मीटिंगमध्ये, नक्की काय होतं ते सांगतो, कारण खाली काम करणाऱ्यांना वाटतं आपल्या मॅनेजरने रेटिंग दिलं. मॅनेजर फक्त प्रपोज करतो. मग सात-आठ मॅनेजर एका खोलीत, समोर शीट, वरून आकडा आलेला की एवढे टॉपला आणि एवढे खाली बसलेच पाहिजेत. शीटवर गणित जुळत नाही, मग घासाघीस सुरू. अशा वेळी खाली कोण सरकतं? ज्याचं नाव खोलीतल्या बाकीच्यांनी ऐकलेलं नाही. नुकताच जॉइन झालेला, मॅटर्निटी लीव्हवरून परत आलेली, किंवा जो गुपचूप जुनी सिस्टीम चालू ठेवतो आणि ज्याचा डेमो कधीच होत नाही. मी स्वतः एका अतिशय चांगल्या मुलीसाठी अर्धा तास भांडलोय आणि शेवटी एकाने विचारलं, "पण मी तिला कधी मीटिंगमध्ये बोलताना बघितलं नाही." झालं, तिथेच संपलं.

हे ठरलेल्या टक्केवारीचं रेटिंग जीई (जनरल इलेक्ट्रिक) मध्ये तिथले प्रमुख जॅक वेल्च यांच्या काळात गाजलं, वरचे २० टक्के, मधले ७०, खालचे १०, आणि मग टेक कंपन्यांनी उचललं. मायक्रोसॉफ्टने नोव्हेंबर २०१३ मध्ये अधिकृतपणे बंद केलं कारण लोक बाहेरच्या कंपनीशी लढायचं सोडून शेजारच्या टेबलवाल्याशी लढत होते. अडोबीने तर २०१२ मध्ये वार्षिक अप्रेझलच काढून टाकलं. पण बंद केलं म्हणणाऱ्या सगळ्यांनीच खरंच बंद केलेलं नसतं, काही ठिकाणी नाव बदलतं, "डिस्ट्रिब्युशन गाईडलाईन" म्हणतात.

ताई, तुम्ही हायरिंग मॅनेजरला सरळ विचारा: रेटिंगला ठरलेली टक्केवारी आहे का, आणि मागच्या वेळी तुमच्या टीममध्ये प्रमोशन कोणाला आणि कशासाठी मिळालं. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर जास्त बोलकं असतं. रात्रभर जागून आग विझवणाऱ्याला मिळालं की आग लागूच नये म्हणून टेस्ट लिहीत बसलेल्याला, यावरून तिथे पुढे काय वागावं लागणार ते कळतं.

निवांत_कोडर

@जुना_मॅनेजर री-ऑर्गचा मुद्दा बरोबर आहे, गेल्या वेळी माझंही तेच झालं. पण इंटरव्ह्यूमध्ये एवढे प्रश्न विचारले तर ऑफर जाणार नाही का?

जुना_मॅनेजर

ऑफर लेटर हातात आल्यावर विचारायचं, आधी नाही. आणि अशा साध्या प्रश्नांनी ऑफर जात असेल तर गेलेली बरी.

क्यूएवाली

माझं थोडं वेगळं. मी क्यूएला विचारते. टीममधल्या टेस्टिंगवाल्यांशी किंवा सपोर्टवाल्यांशी दहा मिनिटं बोलायला मागा, कारण इंजिनीअरांशी सगळे गोडच वागतात, खरा स्वभाव दिसतो तो ज्यांना नाही म्हणता येत नाही त्यांच्याशी वागताना. आमच्याकडे डेव्हलपरांसाठी सगळं मस्त होतं, डेडलाईन मात्र आमच्या आठवड्यातून कापली जायची, बिल्ड शुक्रवारी संध्याकाळी हातात आणि साईन-ऑफ सोमवारी सकाळी. त्या कंपनीला रिव्ह्यूमध्ये चारच्या वर स्टार होते बरं का. एकाच ऑफिसातले दोन रिव्ह्यू उलटे कसे, तर हे असे.

घाई_नाही

सगळ्यांचे आभार, आज मॅनेजरशी कॉल झाला. पोस्टमॉर्टेमचं विचारल्यावर त्यांनी लगेच अलीकडचा एक किस्सा सांगितला, डुप्लिकेट रिफंड गेले होते, आणि सांगताना पूर्णवेळ रिट्राय लॉजिकबद्दल (फसलेला व्यवहार सिस्टीम पुन्हा कसा करते त्याबद्दल) बोलले, कोणाचं नाव आलं नाही, हे आवडलं. रेटिंगवर मात्र "आम्ही फोर्स करत नाही पण एक हेल्दी स्प्रेड अपेक्षित असतो" 🙂 म्हणजे काय ते जुना_मॅनेजर यांच्यामुळे समजलं. प्रमोशन ज्याला मिळालं त्याने जुना लेजर (व्यवहारांची खातेवही) न थांबवता नव्यावर हलवला म्हणे. क्यूएशी बोलायला मागितलं तर आधी जरा गडबडले, मग म्हणाले टीमला वेगळं क्यूएच नाही, डेव्हलपरच टेस्ट करतात.

रात्रीच्या पिंगचं विचारलं तर "गरज पडली तरच" एवढंच. याचा अर्थ काय घ्यायचा?

रात्रीचा_पेजर

अर्थ असा की आकडा सांगायचा नाहीये किंवा त्यांना माहिती नाही. पेमेंट्स आहे, गरज पडणारच. मॅनेजरला सोड, टीममधल्या जो सध्या ऑन-कॉल आहे त्याच्याशी बोलायला माग आणि त्याला विचार: रोटेशनमध्ये किती जण, गेल्या आठवड्यात झोपेतून किती वेळा उठलास, आणि उठलास तर दुसऱ्या दिवशी सकाळच्या स्टँडअप मीटिंगला यावंच लागतं का. रोटेशनमध्ये तीनच माणसं असतील तर त्यातला एक सुट्टीवर गेला की तुझा महिना गेला. रात्री जागल्याबद्दल सुट्टी किंवा पैसे मिळत असतील तर ते मेलवर लिहून घे, कॉलवर सांगितलेलं नवीन मॅनेजरला लागू होत नाही.

क्यूएवाली

आणि वेगळं क्यूए नाही म्हणालेत तर हेही विचार की टेस्टिंगचा वेळ एस्टिमेटमध्ये धरतात की कोड लिहून झाल्यावर उरलेल्या वेळात करायचं.