मंडळ-गप्पा: ऑस्करआधी दोनच संध्याकाळी मोकळ्या आहेत, काय बघू?

सोमवार, 10 फेब्रुवारी 2025
एडिसनहून

मंडळी, नमस्कार.

नामांकनं 23 जानेवारीला लागली (लॉस एंजेलिसच्या वणव्यांमुळे तारीख दोनदा पुढे गेली होती) आणि सोहळा 2 मार्चला. सर्वोत्तम चित्रपटाच्या यादीत दहा नावं आहेत, त्यातलं मी एकही पाहिलेलं नाही. पुण्यात होते तेव्हा पिफला (पुण्याच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाला) दिवसाला तीन-तीन चित्रपट व्हायचे. आता इथे अमेरिकेत हॉस्पिटलात बारा तासांची शिफ्ट, घरी सहा वर्षांचा मुलगा. सगळा हिशोब मांडला तर मार्चपर्यंत दोन संध्याकाळी हाती लागतात.

त्या दोन संध्याकाळींत काय बघू? साताऱ्याहून सासूबाई आल्या आहेत. त्यांना इंग्रजी कळत नाही, आणि एकतरी चित्रपट मला त्यांच्या शेजारी बसून बघायचा आहे.

मंगळवार, 11 फेब्रुवारी
प्लेन्सबरोहून

ताई, त्या दहांच्या मागे लागू नकोस. मी बरीच वर्षं तेच केलं. निम्मे बघून व्हायचे आणि उरलेल्यांची रुखरुख लागायची.

सासूबाईंसाठी ‘फ्लो’ लाव. लाटव्हियाचा अ‍ॅनिमेशनपट, जेमतेम दीड तासाचा. पूर आलाय, एक मांजर आहे, एक होडी आहे, आणि सबंध चित्रपटात संवाद नाही! आजी आणि नातू दोघांनाही सारखाच कळेल. शुक्रवारपासून मॅक्स या स्ट्रीमिंग सेवेवर येतोय. ब्लेंडर नावाच्या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर केलाय, हे कळल्यावर तर मी तो दुसऱ्यांदा पाहिला.

दुसरी संध्याकाळ लघुपटांना दे. नामांकित पाच लघुपट दर फेब्रुवारीत थिएटरात एकत्र दाखवतात. पाचही मिळून पावणेदोन तासांच्या आसपास, म्हणजे एका बैठकीत एक आख्खा विभाग होतो आणि सोहळ्याच्या रात्री निदान तिथे तरी तुझं स्वतःचं मत असतं. दिल्लीतल्या दोन बहिणींची ‘अनुजा’ नेटफ्लिक्सवर आहे. ‘आय अ‍ॅम नॉट अ रोबॉट’ हा डच लघुपट न्यूयॉर्कर नियतकालिकाच्या यूट्यूबवर फुकट आहे. आणि तो बोस्नियात घडणारा! 1993 साली निमलष्करी लोकांनी एक आगगाडी अडवली होती, त्यांच्याविरुद्ध त्या डब्यातला एकच माणूस उभा राहतो. पंधरा मिनिटंसुद्धा लागत नाहीत, पण त्या रात्री मला झोप लागली नाही.

निकालाचा अंदाज बांधणार असलीस तर एक सांगतो. सर्वोत्तम चित्रपटासाठी मतदार आपली पसंती क्रमाने लावतात. तळाचा चित्रपट गळतो, त्याची मतं पुढच्या पसंतीकडे जातात, आणि कुणीतरी निम्म्यापुढे जाईपर्यंत हे चालतं. त्यामुळे काहींच्या जिवाचा नि बाकीच्यांच्या नावडीचा चित्रपट मागे पडू शकतो. 2004 साली भारताकडून ‘श्वास’ गेला तेव्हा आपल्या लोकांनी वर्गणी काढली होती. अंतिम पाचांत तो आला नाही तेव्हा आपण सगळे किती हळहळलो होतो! तेव्हापासून मी नियम वाचायला लागलो.

मंगळवार, 11 फेब्रुवारी
जर्सी सिटीहून

काका, लघुपटांचं पटलं, पण मोठा पडदा सोडायचा नाही. मला दहांतल्या ‘द ब्रूटलिस्ट’ने धरून ठेवलं. 215 मिनिटं, त्यातच मधे पंधरा मिनिटांचं मध्यंतर. आपण तर नाटक-सिनेमा मध्यंतरासकट बघतच वाढलो. दिवे लागल्यावर अनोळखी माणसं एकमेकांशी बोलायला लागली. इतक्या वर्षांत अमेरिकेतल्या थिएटरात हे मी कधी पाहिलं नव्हतं. घरी, फोन हातात असताना, तीन तुकड्यांत हा चित्रपट बघण्यात अर्थ नाही.

तायडे, तुला ही संध्याकाळ काढायची असेल तर मुलाला आमच्याकडे सोड. सासूबाईंना पण घेऊन ये, माझी आई इथेच आहे.

सोमवार, 3 मार्च
एडिसनहून

मंडळी, मनापासून आभार.

‘फ्लो’ तिघांनी मिळून पाहिला. पाणी चढायला लागलं तशा सासूबाई मांजराला “अगं, वर चढ, वर चढ” सांगायला लागल्या. 2019 च्या पुरात सांगलीला त्यांच्या बहिणीचं घर पाण्यात होतं. चित्रपट संपल्यावर त्या कितीतरी वेळ त्याबद्दल बोलल्या. इतकं सविस्तर मला आजवर ठाऊकच नव्हतं.

काल रात्री माझी ड्यूटी होती. सुरुवातीलाच अ‍ॅनिमेशनचं पारितोषिक जाहीर झालं, लाटव्हियाचं पहिलं ऑस्कर. मी घरी फोन केला तर पलीकडून मुलगा ओरडला, “मांजर जिंकलं!” दहांतल्या ‘अनोरा’ला पाच पारितोषिकं मिळाली, ते मी सकाळी वाचलं. लघुपटांत काकांचा डच जिंकला. माझं मत बोस्नियातल्या आगगाडीच्या लघुपटाला होतं, अजूनही आहे.

पाचांतला ‘अ लीन’ तेवढा राहिलाय. ग्रीन कार्डच्या मुलाखतीला गेलेल्या जोडप्याचा आहे, एकटीने बघायचं धाडस होत नाही. शनिवारी मला सुट्टी आहे. चार वाजता आमच्याकडे या, थालीपीठं करते. काका, काकूंनाही आणा.