हलके शाफ्ट बसवल्यावर स्विंगचा टेम्पो बिघडला, स्विंगवेट तेच असूनही. मदत हवी आहे

सातनंबरी:

नमस्कार. गोल्फ क्लबच्या शाफ्टचं (दांड्याचं) वजन आणि स्विंगचा टेम्पो (लय) यांचा नेमका संबंध काय, याबद्दल जाणकारांचा सल्ला हवा आहे.

उजव्या कोपराच्या आतल्या बाजूला दुखायला लागलं म्हणून आयर्नचे, म्हणजे लोखंडी डोक्याच्या क्लबचे, शाफ्ट बदलून घेतले. आधी १२० ग्रॅमचे स्टीलचे होते, आता ७० ग्रॅमचे ग्रॅफाइटचे. दोन्ही स्टिफच, म्हणजे कमी वाकणारे. हेड, ग्रिप, लांबी, लाय (शाफ्टचा जमिनीशी कोन) सगळं जुनंच ठेवलं. बसवणाऱ्याने प्रत्येक हेडमध्ये थोडं वजन भरून स्विंगवेटही (हेडची बाजू किती जड लागते त्याचा आकडा) आधीइतकंच, म्हणजे डी१, करून दिलं.

कोपर शांत आहे, तिथे तक्रार नाही. पण चेंडू डावीकडे ओढला जातोय, आणि फेसवर (हेडच्या मारायच्या बाजूवर) लागण्याची जागा ठरलेली अशी राहिलीच नाही. एक टाचेला, पुढचा वरच्या खाचेवर. अंतर फारसं वाढलेलं नाही. सोबतचे म्हणतात, "तू घाईत मारतोयस." मला स्वतःला घाई जाणवत नाही.

माझा गोंधळ असा आहे: स्विंगवेट जर तेच, तर हाताला क्लब तसाच लागायला हवा ना? मग लय का बदलावी? फ्लेक्स (शाफ्टचा लवचीकपणा) चुकला असेल का? की हे सगळं डोक्यातलं आहे?

बॅगेतलं बाकी सामान: ड्रायव्हरचा शाफ्ट ५० ग्रॅमचा, सँड वेज आणि लॉब वेज (जवळच्या फटक्यांचे क्लब) जुन्याच १३० ग्रॅमच्या स्टीलवर.

आगाऊ आभार.

---

सवडीने:

शाफ्टला दोष देण्याआधी सवय होऊ द्या. नवा क्लब हातात आला की सगळ्यांचंच असं होतं. मेट्रोनोम लावा, त्या ठोक्यावर हळूहळू मारा, जमेल. सामान बदलत बसण्याला अंत नाही.

---

तराजू:

सवय होते हे खरं, पण ५० ग्रॅमचा फरक सवयीवर सोडून देण्याइतका लहान नाही. आणि 'स्विंगवेट तेच म्हणजे क्लब तोच' हे तर अजिबात खरं नाही.

स्विंगवेट मोजतात तेव्हा क्लब ग्रिपच्या टोकापासून १४ इंचांवर टेकवतात आणि हेडची बाजू किती झुकते ते बघतात. तो समतोलाचा आकडा आहे. क्लब एकूण किती जड आहे हे त्यात येतच नाही. ३९० ग्रॅमचा क्लबही डी१ असू शकतो आणि ४३० ग्रॅमचाही.

आता तुमच्या क्लबमध्ये काय झालं असेल ते बघा. शाफ्टचं वजन साधारण ९ ग्रॅमने घटलं की स्विंगवेट एक अंक खाली येतं. ५० ग्रॅम गेले म्हणजे पाच-सहा अंक. डी१ वरून सी५-सी६ पर्यंत घसरण (या मापात सी९ च्या पुढे डी० येतो). ती भरून काढायला हेडमध्ये दर अंकाला अंदाजे २ ग्रॅम घालावे लागतात, म्हणजे १०-१२ ग्रॅम. काट्यावर डी१ परत आलं. पण क्लब एकूण चाळीसेक ग्रॅमने हलका राहिला, आणि जे वजन उरलं त्यातला मोठा वाटा टोकाला गेला. हातोडा दांड्याच्या शेवटाशी धरून फिरवा आणि मग डोक्याजवळ धरून फिरवा. वजन तेच, पण मनगटाला दोन वेगळी हत्यारं वाटतात. स्विंगवेट या फरकाचा अंदाज देतं. हत्यार उचलायला किती जड, हे ते सांगत नाही, आणि बॅकस्विंग (क्लब मागे-वर नेणं) सुरू करताना हातांना आधी तेच कळतं.

फ्लेक्सबद्दल: कंपन्यांमध्ये 'स्टिफ'चं एक ठरलेलं माप नाही. एकाचं स्टिफ दुसऱ्याच्या रेग्युलरइतकं लवचीक निघू शकतं. शिवाय हेडमध्ये वजन घातलं की तोच शाफ्ट थोडा मऊ खेळतो. त्यामुळे फ्लेक्सचाही हात असेल, पण मी आधी वजन तपासेन. ते घरच्या घरी तपासता येतं.

दोन गोष्टी करा. जुना शाफ्ट असलेला एखादा आयर्न मिळाला तर तो आणि नवा, दोन्ही साध्या डिजिटल काट्यावर ठेवा. आणि फोनवर २४० फ्रेमच्या स्लो-मोशनमध्ये दोन्ही स्विंग घ्या. क्लब हलायला लागल्यापासून वर थांबेपर्यंत किती फ्रेम, आणि तिथून चेंडूला लागेपर्यंत किती, ते मोजा. चांगल्या खेळाडूंमध्ये हे प्रमाण ३:१ च्या आसपास दिसतं. एकूण वेळ कमी-जास्त असतो, प्रमाण मात्र बरंचसं टिकतं.

---

वाळूतला:

+१. यात भर म्हणून: टेम्पो आणि वेग या दोन गोष्टी आहेत. हलका शाफ्ट घेतला की हेडचा वेग खूप वाढेल असं लोकांना वाटतं. पण शाफ्टचं वजन लांबीभर पसरलेलं असतं, त्यातलं बरंचसं हातांजवळ, त्यामुळे फिरवायच्या जडपणात त्याचा वाटा कमी. खरा जडपणा टोकाच्या हेडचा. म्हणून अंतर वाढलं नाही यात नवल नाही.

---

सातनंबरी:

तराजू, फार फार आभार. माझ्याच हेडचा जुन्या शाफ्टसह क्लब आता नाही, पण एका मित्राकडे तोच संच जुन्याच शाफ्टवर आहे, तो मागून आणला.

काट्यावर: जुना ७ नंबरचा आयर्न ४३२ ग्रॅम, माझा ३९३.

फ्रेम मोजणं भलतंच किचकट आहे, वर नेमका कुठे थांबतो तेच कळत नाही. पण बऱ्याच स्विंगमधून साधारण चित्र असं दिसतं: जुन्यावर वर जायला २०४ फ्रेम, खाली यायला ६८. नव्यावर वर जायला १७०, खाली यायला ६६.

म्हणजे घाई खाली येताना नाहीच?

---

तराजू:

सुरेख मोजमाप. जुन्यावर बरोबर ३:१, नव्यावर २.६ च्या आत. आणि हो, डाउनस्विंग जवळपास जागच्या जागी आहे, बॅकस्विंगमधून ३४ फ्रेम गेल्या. २४० फ्रेमला एक सेकंद, म्हणजे सेकंदाचा सातवा भाग. ऐकायला किरकोळ, पण वरचं वळण त्यातच पुरं व्हायचं असतं. जड क्लब हात झटकून उचलता येत नाही, खांदे फिरवूनच न्यावा लागतो. हलका क्लब नुसत्या हातांनी वर जातो. खांदे अर्ध्यात असताना हात वर पोचले की खाली येताना क्लब बाहेरून आत कापत येतो आणि चेंडू डावीकडे जातो. तुम्हाला घाई जाणवली नाही, कारण मारताना ती नव्हतीच.

प्रत्येकाचं असंच होतं असं मात्र नाही. ज्यांचं वरून खाली वळणं मुळातच संथ असतं त्यांना हलका शाफ्ट मानवतो, आणि काहींची लय त्याने सुधारतेसुद्धा. झटक्याने खाली येणाऱ्याला सहसा जड शाफ्ट आवरून धरतो. उलटही होतं: झेपेल त्याहून जड घेतला की क्लब मागे राहतो, चेंडू उजवीकडे निसटतो, आणि शेवटच्या काही होलवर पाय थकले की हे जास्त उघड दिसतं.

आता खात्री करून घ्यायची आहे ती याची: तुमच्या हातांना एकूण वजन हवंय की टोकाचं? शिशाची पट्टी आणा. अर्धा इंच रुंद पट्टीचा चार इंचांचा तुकडा सुमारे २ ग्रॅम भरतो.

ग्रिपच्या टोकापासून १४ इंच मोजा. ती जागा ग्रिप संपते तिथून थोडी खाली, शाफ्टवर येईल. तिथे २० ग्रॅमची पट्टी घट्ट गुंडाळा. जवळपास एक मीटर लागेल, गाठोडं दिसेल, दिसू द्या. ती जागा स्विंगवेटच्या काट्याच्या टेकूवर येते, त्यामुळे स्विंगवेट डी१ च राहील आणि फक्त एकूण वजन वाढेल. पुन्हा फ्रेम मोजा. बॅकस्विंग १९० च्या पुढे गेला तर उत्तर मिळालं.

तसं झालं नाही तर ती पट्टी काढून ४ ग्रॅम हेडच्या मागे लावा आणि पुन्हा बघा. दोन्ही एकदम करू नका, नाहीतर कशामुळे काय झालं ते कळणार नाही.

---

पंधरावा क्लब:

मला यातलं दुसरंच काहीतरी खटकतंय. तुमच्या पिचिंग वेजपर्यंत ७० ग्रॅमचे शाफ्ट आणि त्यापुढच्या सँड वेजला एकदम १३०? काट्यावर ठेवून बघा, लागोपाठच्या दोन क्लबमध्ये ६० ग्रॅमच्या आसपास उडी निघेल. वजन ड्रायव्हरपासून वेजपर्यंत पायरी-पायरीने चढत जायला हवं. ड्रायव्हर ५० चा असेल तर फेअरवे वुड ६० चा, हायब्रिड ८० च्या जवळ, आयर्न त्याहून वर, वेज आयर्नइतके किंवा थोडे जड. तुमच्याकडे आयर्नपर्यंत जवळपास सपाटी आणि मग कडा.

मी स्वतः असा मिश्र संच वापरत होते. ग्रीनजवळचे छोटे फटके बिघडले की मी माझ्या हातांना दोष द्यायचे. वेजही हलके केल्यावर फरक पडला. अर्थात वेजचे पूर्ण स्विंग कमी असतात, त्यामुळे तुमच्या ओढल्या जाणाऱ्या चेंडूंचं कारण हे नव्हे. पण नवे शाफ्ट निवडाल तेव्हा संच म्हणून निवडा.

---

सातनंबरी:

सँड वेज ४६८, पिचिंग वेज ४०९. तुमचा अंदाज अगदी ग्रॅमावर!

तराजू, पट्टी लावून पाहिली. १४ इंचांवर २० ग्रॅम लावल्यावर वर जायला १९५ च्या आसपास, खाली यायला ६७. हेडच्या मागे ४ ग्रॅम लावल्यावर १७५, आणि चेंडू आणखीच डावीकडे. म्हणजे एकूण वजनच ना? पण परत १२० च्या स्टीलवर गेलो तर कोपराचं काय?

---

तराजू:

एकूण वजनच. आणि परत १२० वर जायची गरज नाही. २० ग्रॅमने काम झालं म्हणजे तुम्हाला ९० ते ९५ चा शाफ्ट हवाय. त्या वजनात ग्रॅफाइट मिळतं. कार्बनच्या गाभ्यावर पोलादाच्या बारीक तारा गुंडाळलेले स्टीलफायबरचे शाफ्टही त्याच टप्प्यात आहेत. निप्पॉनचा ९५० जीएच सारखा हलका स्टीलही शंभराच्या आत बसतो, पण स्टील ते स्टील, हादरे हातापर्यंत येतात. कोपरासाठी मी ग्रॅफाइटकडेच राहीन. जड शाफ्ट बसवाल तेव्हा हेडमध्ये भरलेलं वजन कमी करायला सांगायला विसरू नका, नाहीतर स्विंगवेट तीन अंकांनी वर जाईल.

---

वाळूतला:

कोपराचा निर्णय फिजिओथेरपिस्टला विचारून घ्या. दुखणं हादऱ्यांमुळे होतं की ग्रिप करकचून धरल्यामुळे, हे धाग्यावर ठरणार नाही. हलक्या क्लबवर लोक नकळत मूठ सैल ठेवतात. जड क्लब आला की ती पुन्हा आवळते, त्यावर लक्ष ठेवा.

---

सवडीने:

मोजमाप पाहून माझं मत थोडं बदललं. तरी मेट्रोनोम सोडू नका. नवे शाफ्ट येईपर्यंत तोच आधार.

---

सातनंबरी:

सगळ्यांचे मनापासून आभार. ९५ चे ग्रॅफाइट मागवतोय, दोन्ही वेजसकट. शेवटचा प्रश्न: ते येईपर्यंत एक स्पर्धा आहे. पट्टी आयर्नवर ठेवून खेळलो तर चालेल का, आणि नकोशी वाटली तर मधेच काढता येईल का? मेट्रोनोमही कानात लावता येईल का?

---

पंधरावा क्लब:

फेरी सुरू झाल्यावर क्लबचे गुणधर्म मुद्दाम बदलता येत नाहीत, नियम ४.१अ. त्यामुळे पट्टी मधेच लावणं किंवा काढणं दोन्ही बाद. पहिल्या टीआधी काय ते ठरवा. पट्टी शाफ्टवर आहे, तेव्हा स्पर्धेच्या समितीला आधी दाखवून घ्या.

मेट्रोनोम सरावाच्या रेंजवरच. टेम्पोसाठी फेरीत आवाज ऐकणं नियम ४.३ मध्ये स्पष्ट मनाई आहे. मनातल्या मनात मोजायला कोणी अडवत नाही.