एकादशीलाच जीभ अधिक का मागते? इंद्रियसंयमाविषयी एक शंका

जिज्ञासू

सर्वांना नमस्कार. गेली सहा वर्षे मी शुद्ध आणि वद्य अशा दोन्ही एकादशी धरत आलो आहे. सुरुवातीला घरातील रीत म्हणून आणि पुढे स्वतःच्या इच्छेने हे व्रत चालू राहिले, त्यामुळे उपवासाचा शारीरिक त्रास असा आता होत नाही. माझी अडचण निराळी आहे. एरवी मी जेवणाचा फारसा विचार करणारा माणूस नाही, पानात येईल ते जेवून उठतो. एकादशीला मात्र सकाळपासून डोक्यात अन्नाशिवाय दुसरे काही नसते. माळेचे मणी बोटांतून सरकत असतात आणि मन उद्याच्या पारण्याला काय काय करायचे याची यादी करत असते.

मागच्या एकादशीला रात्री हरिपाठ आटोपून अंथरुणावर पडलो आणि सहज मोबाइल हातात घेतला. पाऊण तासाने लक्षात आले की मी एकामागून एक पाककृतींचे व्हिडिओ पाहत आहे, आणि तेही अशा पदार्थांचे, जे मी एरवी खातही नाही. त्याच दिवशी दुपारी मुलीने ‘माझी वही पाहिली का’ एवढेच विचारले, तर मी तिच्यावर असा खेकसलो की ती काही न बोलता खोलीत निघून गेली. दिवसभर पोटात अन्नाचा कण नव्हता हे खरे; पण डोळे, मन आणि वाणी यांनी त्या एका दिवसात जेवढा धुमाकूळ घातला, तेवढा ती पुऱ्या पंधरवड्यात घालत नाहीत.

गीतेच्या तिसऱ्या अध्यायातील सहावा श्लोक मला पाठ आहे. कर्मेंद्रिये आवरून धरून मनाने विषयांचे चिंतन करत बसणाऱ्याला तेथे मिथ्याचारी म्हटले आहे, आणि तो श्लोक म्हणताना हल्ली मला ओशाळल्यासारखे होते. संयमाचे व्रत घेतल्यावर इंद्रिये निवण्याऐवजी उसळत असतील, तर माझे काही चुकते आहे, की व्रताचा स्वभावच असा आहे? अशा स्थितीत उपवास चालू ठेवावा का, हे जाणकारांनी सांगावे.

पोथीवाचक

आपण जे लिहिले आहे ते वाचून मला आनंद झाला असे म्हटले, तर कृपया रागावू नये. आपला अनुभव इतका शास्त्रशुद्ध आहे की भागवतात तो जवळजवळ याच शब्दांत नोंदवलेला सापडतो. अकराव्या स्कंधात अवधूत (सर्वसंगपरित्यागी साधू) यदुराजाला आपल्या चोवीस गुरूंची हकिगत सांगतो, त्यात गळाला लागलेला मासा हा रसनेविषयीचा, म्हणजे जिभेविषयीचा, गुरू आहे. तेथे अवधूत म्हणतो की आहार तोडला असता विचारी माणसे बाकीची इंद्रिये लवकर जिंकतात, पण रसना तेवढी वगळून. कारण निरन्न राहणाऱ्याची रसना उलट वाढते. पुढच्याच श्लोकात ‘जितं सर्वं जिते रसे’ असा निर्वाळा आहे. म्हणजे उपवासाने जीभ मऊ पडते ही आपली समजूतच मुळात ग्रंथाला मान्य नाही.

गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील एकोणसाठावा श्लोकही हेच सांगतो. निराहारी माणसापासून विषय दूर होतात, पण ‘रसवर्जम्’, गोडी मागे ठेवून. ज्ञानेश्वरीतील या श्लोकावरच्या ओव्या आपण जरूर काढून पाहाव्यात. वरवरची पालवी खुडत राहायचे आणि मुळाशी पाणी घालत राहायचे, तर त्या झाडाचा नाश कसा होणार, असे ज्ञानदेव विचारतात. उलट ते झाड पाण्याच्या बळावर आडवे फोफावते. आणि ते आणखी एक अत्यंत व्यवहारी गोष्ट सांगतात, जी भाष्यांच्या गर्दीत सहसा हरवते: इतर इंद्रियांचा विषय तोडता येतो, पण रसाला हट्टाने तसे आवरता येत नाही, कारण त्यावाचून जगणेच घडत नाही. डोळे मिटता येतात, कान झाकता येतात, एखाद्या गोष्टीला आयुष्यभर हात न लावता राहता येते. जिभेशी मात्र रोज तडजोड करावी लागते, आणि रोज तडजोड करून कोणाला जिंकणे हे कायमचे तोंड फिरवण्याहून कितीतरी अवघड आहे.

तेव्हा उपवास सोडू नये, पण त्याच्याकडून भलत्या कामाची अपेक्षाही करू नये. माझ्या समजुतीप्रमाणे उपवास ही झडती आहे. पंधरा दिवस जी ओढ सहज पुरवली जाते म्हणून दिसत नाही, ती त्या दिवशी पुरवठा थांबताच दार वाजवू लागते. एरवी आपण पानात येईल ते जेवता असे लिहिले आहे. ते पान वेळेवर येत असते म्हणून तसे वाटते, अशी शक्यता आपण विचारात घ्यावी.

इंद्रिये शांत व्हायची ती कशी, याचे एक चित्र मला फार आवडते. योगसूत्रांच्या दुसऱ्या पादात प्रत्याहाराचे, म्हणजे इंद्रिये विषयांपासून मागे वळण्याचे, सूत्र आहे आणि त्यावरील व्यासभाष्यात मधमाश्यांचा दृष्टान्त आहे. त्यांचा राजा उडाला की सगळ्या माश्या उडतात, तो बसला की सगळ्या बसतात. (जुन्या लोकांना तो राजा वाटला, आज आपण तिला राणी म्हणतो, दृष्टान्त त्याने बिघडत नाही.) एकेका माशीला पकडून बसवू पाहणाऱ्याचे जे होईल, ते आपले एकादशीला होत आहे. चित्त कोठे बसले आहे ते पाहावे. कठोपनिषदात इंद्रियांना घोडे, मनाला लगाम आणि बुद्धीला सारथी म्हटले आहे. घोडे उपाशी मारून कोणता रथी मुक्कामाला पोहोचला आहे?

भक्तिमार्गी

पोथीवाचकांनी लिहिले ते योग्यच आहे. परंतु आपला मार्ग योग्याचा नसून भक्ताचा आहे, हे येथे वेगळे सांगायला हवे. भक्तीत इंद्रियांना कोंडायचे नसते, त्यांना काम द्यायचे असते. तुकोबांचा ‘घेईं घेईं माझे वाचे’ हा अभंग आपण सर्वांनीच म्हटला आहे. त्यात ते वाचेला, डोळ्यांना, कानांना आणि शेवटी मनाला एकेकाला हाक मारून सांगतात की तू हे घे, तुम्ही ते सुख घ्या, तुम्ही ते गुण ऐका. घरातल्या मुलांना खाऊ वाटताना जसा स्वर लागतो, तसा तो स्वर आहे. भागवताच्या नवव्या स्कंधातील अंबरीष राजाचे वर्णनही असेच आहे: मन कृष्णाच्या चरणी, वाणी त्याच्या गुणवर्णनात, हात मंदिराच्या झाडलोटीत, कान कथाश्रवणात, नाक तुळशीच्या गंधात, जीभ त्याला अर्पण केलेल्या अन्नात आणि पाय त्याच्या क्षेत्री चालत जाण्यात. एकही इंद्रिय बेकार ठेवलेले नाही.

याच अंबरीषाची पारण्याची कथा आपल्या प्रश्नाला अधिक जवळची आहे. द्वादशी सरायला थोडाच अवधी उरला होता आणि अतिथी दुर्वास ऋषी स्नानाहून परतले नव्हते. पारणे चुकवले तर व्रताचा भंग, आणि अतिथीच्या आधी जेवले तर त्याचा अपमान. तेव्हा राजाने केवळ पाणी घेतले, कारण पाणी घेणे हे खाणेही आहे आणि न खाणेही, असा निर्णय ब्राह्मणांनी दिला होता. वर्षभर व्रत केलेल्या राजाला पारण्याच्या दिवशी चिंता होती ती अतिथीची; आणि ज्या ऋषीचे तप लोकविख्यात, तो एवढ्यावरून जटा उपटून राजाला मारण्यासाठी कृत्या ही संहारक शक्ती निर्माण करतो. कोणाचा संयम खरा, हे भागवतकाराने न बोलता दाखवले आहे.

शंकेखोर

क्षमा असावी, पण ‘इंद्रियांना काम द्यावे’ हा उपदेश मला धोक्याचा वाटतो. कीर्तनात कान रमतात ते नामात की गवयाच्या गळ्यात, हे कोण ठरवणार? प्रसाद म्हणून तिसऱ्यांदा हात पुढे करणारे आपण सर्वांनी पाहिले आहेत. मी तर त्यांच्यापैकीच एक आहे. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण आपल्या भाषेत उगाच आलेली नाही. विषय बदलला आणि त्याला देवाचे नाव दिले, म्हणजे वासना बदलली असे होत नाही.

दुसरे असे की, पोथीवाचकांनी उद्धृत केलेल्या गीतेच्या श्लोकाचा शेवट त्यांनी सांगितला नाही. ‘परं दृष्ट्वा’, म्हणजे परमतत्त्व पाहिल्यावर ती गोडीही सरते. आता परमतत्त्व दिसण्यासाठी संयम हवा आणि गोडी सरण्यासाठी परमतत्त्व दिसायला हवे, तर सामान्य माणसाने सुरुवात कोठून करावी?

पोथीवाचक

शंका रास्त आहे. या पेचाची गाठ गीतेने दोनच श्लोक पुढे सोडवली आहे. साठाव्या श्लोकात, प्रयत्न करणाऱ्या विद्वानाचेही मन इंद्रिये बळाने ओढून नेतात अशी कबुली आहे, आणि लगेच एकसष्टाव्यात ‘तानि सर्वाणि संयम्य युक्त आसीत मत्परः’ असे म्हटले आहे. ‘संयम्य’ आणि ‘मत्परः’ हे दोन शब्द एकाच चरणात शेजारी नाहीत, पण एकाच वाक्यात आहेत, आणि मला ते वाक्य तोडायचे नाही. केवळ पहिला शब्द घेतला की प्रश्नकर्त्यांची एकादशी होते, केवळ दुसरा घेतला की आपला तिसरा प्रसाद.

गीतेतील कासवाच्या प्रसिद्ध दृष्टान्तावरची ज्ञानेश्वरीतील ओवीही या संदर्भात पाहण्यासारखी आहे. मूळ श्लोकात कासव अवयव आवरून घेते एवढेच आहे. ज्ञानदेव मात्र आधी ते प्रसन्न होऊन अवयव पसरते असे सांगतात आणि मग इच्छेनुसार आवरते असे म्हणतात. पसरणे आणि आवरणे ही दोन्ही ज्याच्या हातात, तो संयमी. आपल्याला प्रसाद तिसऱ्यांदा नको म्हणता येतो का, हीच कसोटी पुरेशी आहे.

ओटा आणि देव्हारा

मी ग्रंथांतले फार जाणत नाही, परंतु या चर्चेत एक गोष्ट सुटली आहे असे वाटते. घरात एकादशी धरणारी बाई त्या दिवशी अन्नापासून दूर नसते. सासूबाईंना पथ्याचे, मुलांना डब्याचे आणि उपवास करणाऱ्यांना फराळाचे असे तीन प्रकार तिच्याच हातून होतात. फोडणीचा वास तिच्या पदराला लागलेला असतो. तिला व्हिडिओ पाहायची गरज नाही, सगळे समोरच शिजत असते.

मला जिभेचा अभ्यास झाला तो उपवासाने झाला नाही, नैवेद्याच्या स्वयंपाकाने झाला. देवाला दाखवायच्या आधी चव घ्यायची नाही, असा आमच्याकडे कडक नियम. लग्नानंतर पहिल्या वर्षी आमटी ढवळताना पळी नकळत तोंडाकडे जायची आणि मध्येच हात थांबवावा लागायचा. मीठ अंदाजानेच घालायचे, हाताला त्याचे वजन कळेपर्यंत. कधी अळणी झाले, कधी खारट झाले, आणि तसेच देवापुढे ठेवले. देवाने तक्रार केली नाही, घरच्यांनी केली. त्या एका पळीच्या थांबण्यात जेवढा संयम मला कळला, तेवढा निर्जळी करूनही कळला नव्हता, कारण तो रोज होता आणि कोणाला दिसत नव्हता.

आणि प्रश्नकर्त्यांना एक विनंती. जिभेची कामे दोन आहेत. चव घेते तीच आणि बोलते तीच. गीतेच्या सतराव्या अध्यायात कोणाला उद्वेग न देणारे, खरे, प्रिय आणि हिताचे बोलणे याला वाणीचे तप म्हटले आहे, एवढे मला पाठ आहे. मुलीवर खेकसलात तेव्हा एकादशी मोडली असे मी समजते. दोन घास खाऊन तिला वही शोधून दिली असती तरी चालले असते.

आरोग्यविचार

जे वाचक नियमित औषधे घेतात त्यांच्यासाठी एक छोटी पुरवणी जोडतो. पाणी, कंद, फळ, दूध, हविष्य (होमात अर्पण करण्याजोगे सात्त्विक अन्न), ब्राह्मणाची इच्छा, गुरूची आज्ञा आणि औषध या आठ गोष्टींनी व्रत मोडत नाही, असे परंपरेतलेच वचन आहे. मधुमेहाच्या रुग्णांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय लंघन करू नये आणि उपवास आहे म्हणून गोळी स्वतःच्या मनाने चुकवू नये. शरीराला पीडा देणाऱ्या घोर तपाची गीतेने सतराव्या अध्यायातच निंदा केली आहे.

जिज्ञासू

सर्वांचे मनापासून आभार. शंकेखोरांचा आक्षेप वाचताना मी त्यांच्या बाजूचा होतो आणि पळीची हकिगत वाचल्यावर कोणत्याच बाजूचा राहिलो नाही. वही त्याच संध्याकाळी सापडली होती, माझ्याच पिशवीत. मुलीला ते आज सांगितले.

येत्या एकादशीसाठी दोनच गोष्टी ठरवल्या आहेत. हरिपाठानंतर मोबाइल बाहेरच्या खोलीत राहील, आणि दुसऱ्या दिवशी पारण्याला काय करायचे हे मी सुचवणार नाही. जे होईल त्याला मीठ कमी की जास्त हेही बोलणार नाही. हा दुसरा नेम घरात जाहीर केला, तेव्हा ‘म्हणजे परीक्षा तुमची, आणि ठरवायचे पुन्हा मीच’ असे उत्तर मिळाले. ते खरेच आहे. त्यामुळे पारण्याचा स्वयंपाक या खेपेस मी करावा, असे आता चालले आहे, आणि चव न घेता मीठ किती घालायचे हे ‘ओटा आणि देव्हारा’ यांनी जरा सविस्तर लिहिले तर उपकार होतील.