बेलिझमधल्या कोरोझालला प्लॉट घ्यावा का? कुणी तिकडे राहिलंय का?

संजू_ह्यूस्टन

नमस्कार मंडळी, दोन-तीन वर्षं नुसता वाचनमात्र होतो, हा पहिलाच धागा, चुकलं तर सांभाळून घ्या.

आम्ही दोघं ह्यूस्टनला असतो, रिटायर व्हायला अजून सहा-सात वर्षं आहेत. फेब्रुवारीत मेक्सिकोत कानकूनला गेलो होतो, तिथल्या गर्दीचा दुसऱ्याच दिवशी वीट आला म्हणून बसनं खाली सीमेजवळच्या चेतुमालला गेलो आणि बॉर्डर ओलांडून बेलिझमधल्या कोरोझालला. दोन रात्री राहायचं ठरवलेलं, पाच राहिलो. काहीच नाहीये हो तिथे, म्हणजे त्याच अर्थानं छान आहे. मधे पार्क, एक मार्केट, बसस्टँड आणि समुद्राला लागून लांबलचक बुटका बांध, संध्याकाळी सगळं गाव त्यावर पाय सोडून बसलेलं. इंग्रजी चालतं, लोक ओळख नसताना गुड इव्हनिंग म्हणतात, तिसऱ्या दिवशी फळवाली बायकोला नावानं हाक मारायला लागली.

तर तिथे एकानं प्लॉट दाखवला. ६० बाय १००, समुद्रापासून दुसऱ्या रांगेत, ३८ हजार म्हणतोय. कागद क्लियर आहे, हजार डॉलर टोकन द्या, तुमच्यासाठी धरून ठेवतो, सहा महिन्यांत हा भाव राहणार नाही, पाच वर्षांत इथे प्लाया देल कार्मेन (कानकूनजवळचं ते पर्यटकांनी गजबजलेलं गाव) होणार वगैरे वगैरे. बायको म्हणते आधी भाड्यानं राहून बघू, मला वाटतंय तोवर हातचं जाईल. परदेशी माणसाच्या नावावर होतं का, कागद म्हणजे नक्की काय बघायचं, आणि वादळांचं काय? अनुभवी लोकांनी लिहा प्लीज.

खारा_वारा

संजूभाऊ, पहिला प्रश्न, ३८ हजार कुठले डॉलर? हसू नका. तिथे दोन डॉलर आहेत, बेलिझचा आणि अमेरिकेचा, दर कायमचा दोनास एक बांधलेला, आणि दोन्ही नोटा एकाच गल्ल्यात असतात. भाजीवाला बेलिझी बोलतो, जमीनवाला गिऱ्हाईक बघून बोलतो. म्हणजे तुमचे ३८ हजार १९ पण असू शकतात. आधी हे लेखी घ्या.

मी तिथे चार वर्षं काढली, कोरोझालपासून थोडं वर कोन्सेहोच्या बाजूला, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो. नावावर होतं का, तर होतं, कायमच्या मालकीनं होतं. शेजारी मेक्सिकोत किनाऱ्यापासून ५० किलोमीटरच्या आत परदेशी माणसाला थेट मालकी मिळत नाही, बँकेच्या ट्रस्टमधून घ्यावं लागतं, ती भानगड बेलिझमध्ये नाही. कायदा ब्रिटिश वळणाचा, १९८१ पर्यंत त्यांचंच राज्य होतं ना, त्यामुळे कागद इंग्रजीत, वाचून कळतो तरी.

पण "कागद क्लियर" हा शब्द मात्र विसरा. तिथे मालकीचे तीन वेगवेगळे कागद चालतात. एक डीड ऑफ कन्व्हेयन्स, जुनी पद्धत, यात याच्याकडून त्याच्याकडे अशी मागच्या विक्रींची साखळी वकिलानं एकेक कडी धरून तपासायची. दुसरं ट्रान्सफर सर्टिफिकेट ऑफ टायटल, आणि तिसरं लँड सर्टिफिकेट, ज्यात ब्लॉक नंबर आणि पार्सल नंबर असतो, ते वाचायला सगळ्यात सोपं. आणि चौथा, जो मालकीचा कागदच नाही, तो म्हणजे सरकारी लीज, भाडेपट्टा. यावर सरकारी शिक्का असतो, नाव असतं, नकाशा असतो, बघणाऱ्याला वाटतं हाच सातबारा. जमीन सरकारचीच असते, लीज दुसऱ्याच्या नावावर करायला लँड्स डिपार्टमेंटची परवानगी लागते, आणि ती येईपर्यंत तुम्ही पैसे दिलेले असता आणि हातात असतो लीजचा झेरॉक्स.

मी स्वतः यात अडकता अडकता वाचलो. पहिला प्लॉट बघितला तेव्हा विकणारा इतका गोड माणूस, घरी जेवायला घातलं, कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून लोखंडी ट्रंकेत ठेवलेला, तो काढताना हात धुऊन आला. मला वाटलं इतकं जपतोय म्हणजे अस्सल असणार. होता अस्सलच, पण लीज. त्याच्या मनात फसवायचं काही नव्हतं बरं का, त्याच्या दृष्टीनं बापानं वीस वर्षं कसलेली जमीन ती त्याचीच.

तर वकील तुमचा स्वतःचा करा, विकणाऱ्यानं सुचवलेला नको. राजधानी बेल्मोपानला जाऊन टायटल सर्च, गहाण किंवा कॉशन (कुणी हक्क सांगून नोंदवलेली हरकत) आहे का ते, आणि लायसन्स असलेला सर्व्हेयर घेऊन खुंट्या प्रत्यक्ष बघणं. माझ्या दुसऱ्या प्लॉटची एक खुंटी शेजाऱ्याच्या कोंबड्यांच्या खुराड्यात निघाली.

खर्चाचं: परदेशी खरेदीदाराला ८ टक्के स्टॅम्प ड्युटी, तिथल्या नागरिकाला ५. वकील साधारण २ टक्के. बिल्डरकडून नवीन घेतलंत तर १२.५ टक्के जीएसटी आहे का तेही विचारा, जाहिरातीत तो आकडा नसतो.

मुक्ता_

वहिनींच्या बाजूनं एक मत माझं :) 

आम्ही दोन हिवाळे कोरोझालला भाड्यानं राहिलो आणि मग एकदा मुद्दाम ऑगस्ट ते ऑक्टोबर राहिलो. ती दोन गावं वेगळी आहेत असं समजा. फेब्रुवारीत जो वारा बांधावर बसल्यावर गोड वाटतो तो सप्टेंबरात पडतो, आणि वारा पडला की डास. संध्याकाळी पाच वाजता मी दार लावून घ्यायचे. कपाटातली चामड्याची चप्पल आठवड्यात हिरवी झाली. तसा बेलिझच्या दक्षिणेच्या मानानं तिथे पाऊस कमीच, खाली टोलेडोकडे याच्या दुपटीहून जास्त पडतो म्हणे, पण उकाडा तोच.

आणि समुद्र. संजूदादा, पाण्यात उतरला होतात का? ती खाडी आहे, उथळ, दुधी-हिरवट, तळाला चिखल. पोस्टरवरचं निळं पाणी आणि पांढरी वाळू हवी असेल तर ते अँबरग्रिस की या बेटाच्या बाजूला, कोरल रीफ तिकडे आहे. आम्हाला ही खाडीच आवडायची पण पाहुण्यांचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा, "अगं पण बीच कुठाय?"

अजून एक, ऊस. तो सगळा भाग उसाचा आहे, तोडणीच्या आधी शेतं पेटवतात, मग काळी काजळी उडत येऊन वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरीवर बसते. पहिल्यांदा मला कळेना हे काय पडतंय. आणि हो, गावाच्या दक्षिणेला हायवेवरच एक खेडं आहे कलकत्ता नावाचं, खरंच! ब्रिटिशांच्या काळात उसासाठी आणलेल्या मजुरांची वस्ती. तिथले आजोबा मला बघून थांबले, मी कुठली विचारलं, इंडिया म्हटल्यावर म्हणाले आम्ही पण, पण कुठून ते आता कुणालाच माहीत नाही. बराच वेळ बोलत बसलो आम्ही.

डॉक्टरचं बघून ठेवा. साधं काही असेल तर गावात होतं, जरा मोठं काही निघालं की लोक चेतुमालला जातात, तिथे स्पॅनिश लागतं आणि वाटेत बॉर्डर असते. रात्री दोन वाजता छातीत दुखलं तर काय, हे प्लॉट बघताना सुचत नाही.

तात्या_विंचूरकर_नव्हे

"पाच वर्षांत प्लाया देल कार्मेन" हे वाक्य ऐकून माझे केस पांढरे झाले. कॅरिबियनमधलं प्रत्येक शांत गाव पुढचं काहीतरी असतंच. मेक्सिकोतलं माहाउआल पण होतं, क्रूझ जहाजांचा धक्का आला, आता भाव बघा म्हणाले, आणि ऑगस्ट २००७ मध्ये डीन वादळ नेमकं तिथेच कॅटेगरी ५ चं धडकलं, धक्क्याचे तुकडे. नंतर परत बांधला म्हणा. तुमच्या कोरोझालपासून ते काही लांब नाही. आणि कोरोझाल स्वतः सप्टेंबर १९५५ ला जेनेट वादळात जवळजवळ सगळं झोपलं होतं, आज जे दिसतंय ते बरंचसं त्यानंतरचं. रोज येत नाही वादळ, पण विमेवाल्याला हा इतिहास पाठ असतो, प्रीमियम विचारून बघा.

आणि दुसरं, बेलिझमध्येच सँक्चुअरी बेलिझ म्हणून प्रकरण झालं, शोधून वाचा. अमेरिकन लोकांनाच प्लॉट विकले, मरीना होणार, हॉस्पिटल होणार, विकायला काढलं तर लगेच गिऱ्हाईक मिळणार. अमेरिकेच्या एफटीसीनं, म्हणजे ग्राहकांची फसवणूक बघणाऱ्या सरकारी संस्थेनं, २०१८ ला केस टाकली, २०२० ला कोर्टानं १२ कोटी डॉलरच्या वर भरपाईचा निकाल दिला. घेणारे अडाणी नव्हते हो, तुमच्याआमच्यासारखेच, बरेचसे रिटायरमेंटवाले.

अमेरिकेत एजंटला परीक्षा-लायसन्स असतं त्या भरवशावर तिथे वागू नका. टॅक्सीवाला, हॉटेलवाला, त्याचा मेहुणा, सगळे प्लॉट दाखवतात.

खारा_वारा

तात्या बरोबर आहेत पण जरा जास्तच घाबरवतायत. कोरोझाल हा काही घोटाळा नाही, ते खरंखुरं गाव आहे, लोक पिढ्यानपिढ्या राहतात, शाळा, मार्केट, टाऊन कौन्सिल सगळं आहे. उलट म्हणूनच तिथे भाव उड्या मारत नाहीत. मला माझं घर विकायला एकोणीस महिने लागले. भांडून नाही, नुसतं गिऱ्हाईकच येईना. बँका परदेशी माणसाला कर्ज देताना फार कुरकुर करतात, व्याजही चढं, त्यामुळे येणारा एकतर रोख घेऊन येतो नाहीतर तुम्हीच हप्ते बांधून द्या म्हणतो. म्हणजे गुंतवणूक म्हणून बघत असाल तर मी नाही म्हणेन, राहायला म्हणून बघत असाल तर गोष्ट वेगळी.

दुसऱ्या रांगेचं एक राहिलं. मधली पहिली रांग कुणाची आहे? तिथे आज झाडी असेल आणि ती मॅन्ग्रोव्ह असेल तर ती परमिटशिवाय तोडता येत नाही, तुम्हालाही नाही आणि त्यांनाही नाही. आणि तुमचा स्वतःचा प्लॉट आत्ता फेब्रुवारीत कोरडा दिसला तरी जमिनीची पातळी बघा. सखल असेल तर पांढऱ्या मार्लचे (चुनखडीच्या मातीचे) ट्रकच्या ट्रक टाकून भर घालावी लागते, माझ्या शेजाऱ्यानं प्लॉटच्या निम्मी किंमत भरावात घातली. खेकड्यांची बिळं दिसली का? दिसली असतील तर तेच उत्तर आहे.

संजू_ह्यूस्टन

बाप रे, इतकं सविस्तर कुणी लिहील असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार. खेकड्यांची बिळं होती. बायकोनं फोटो पण काढलेत, किती गोड म्हणून.

अपडेट देतो. खारा वारा यांचं वाचून त्या माणसाला मेसेज केला की ब्लॉक आणि पार्सल नंबर पाठवा, सर्च करायचाय. दोन दिवस उत्तर नाही. मग फोटो आला, वरती शिक्का, नाव, नकाशा, आणि दुसऱ्या ओळीत लीज. मी विचारलं तर म्हणतो हो लीजच आहे, पण टायटलला अर्ज केलाय, होऊनच जाईल, तोवर आपण आपापसात ॲग्रीमेंट करू. आणि ३८ हजार अमेरिकनच होते.

टोकन दिलेलं नाही. बायको एक शब्दही बोलली नाही, तिनं नुसता चहा आणून ठेवला, तेच जास्त लागलं.

आता असं ठरतंय की सप्टेंबरात सहा आठवडे रजा आणि घरून काम मिळून तिथेच भाड्यानं राहायचं. रिटायर्ड लोकांसाठी बेलिझ सरकारची ती क्यूआरपी (क्वालिफाइड रिटायर्ड पर्सन्स) स्कीम आहे त्याबद्दल कुणाला माहितीय का? आणि मुक्ताताई, भाड्याचं घर बघताना काय काय विचारायचं?

मुक्ता_

क्यूआरपीत महिन्याला २ हजार अमेरिकन डॉलर उत्पन्न बाहेरून आणून दाखवावं लागतं, त्यात सामान आणि गाडी ड्युटीशिवाय नेता येते, पण तिथे नोकरी करता येत नाही. नागरिकत्वाकडे जायचं असेल तर रेसिडन्सीचा रस्ता वेगळा, त्यासाठी आधी वर्षभर तिथेच राहावं लागतं. तुम्हाला सहा-सात वर्षं आहेत, आत्ता कशाला डोकं खाताय.

घराचं: खिडक्यांना जाळ्या आहेत का, आणि फाटलेल्या नाहीत ना, हे व्हिडिओ कॉलवर एकेक खिडकी दाखवायला सांगून बघा. पाण्याची टाकी वरती आहे का. लाईट गेली तर पंखा कशावर चालेल, कारण बेलिझची बरीच वीज मेक्सिकोतून येते आणि तिकडे टंचाई झाली की इकडे अंधार. घर खांबांवर असेल तर उत्तम, वरती वारा लागतो. आणि वहिनींना सांगा चामड्याची चप्पल नेऊ नका.

तात्या_विंचूरकर_नव्हे

चहा आणून ठेवला म्हणजे लवकर तिकीट काढा संजूशेठ, आणि विमानाचं कॅन्सल करता येईल असं, सप्टेंबर आहे.