हिशेब मागायचा हक्क पालकांकडे आहे

'सरकारी शाळांवर कितीही पैसा ओता, फरक पडत नाही' हे मत मला पटत नाही. मुळात पुरेसा ओतलाय कधी? देशाच्या शिक्षणाचा आढावा घेणाऱ्या कोठारी आयोगाने १९६६ साली राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के शिक्षणावर खर्च करायला सांगितले होते, तिथे आपण अजून पोचलेलो नाही.

आलेल्या पैशाचा हिशेब कुणी देत नाही, हा मुद्दा मात्र शंभर टक्के खरा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम २१ बघा. शाळा व्यवस्थापन समितीत किमान ७५ टक्के पालक, निम्म्या महिला, आणि अनुदान कुठे खर्च झालं यावर देखरेख हे समितीचं कामच. माझी मुलगी पुण्यात महापालिकेच्या शाळेत होती तेव्हा मी समितीवर होते. पहिलं वर्ष इतिवृत्तावर नुसत्या सह्या केल्या. मग एकदा खर्चाची वही मागितली. मुलींच्या स्वच्छतागृहाची दुरुस्ती कागदावर झालेली, नळ कोरडाच! आम्ही चौघीजणी प्रत्येक बैठकीत तेच विचारत राहिलो, तेव्हा कुठे पाणी आलं. (बैठका भर दुपारी. धुणीभांडी करणाऱ्या बायकांनी खाडा करून यायचं, हा आणखी एक अन्याय.) बैठक संध्याकाळी घ्या आणि जमाखर्च शाळेच्या फलकावर लावा, एवढं तरी व्हायलाच हवं.