गोळे झालेला युरिया टाकून देऊ नये
उघड्या पिशवीतील युरियाचे दगडासारखे गोळे झाल्यास तो निरुपयोगी ठरतो का, या प्रश्नाला माझे उत्तर ‘नाही’ असे आहे. युरिया हवेतील ओलावा शोषून घेतो आणि त्याचे दाणे एकमेकांना चिकटतात. परंतु त्यातील सुमारे ४६ टक्के नत्र (नायट्रोजन) तेवढ्याने नाहीसे होत नाही, त्यामुळे गोळे फोडून, नीट वजन करून व पाण्यात विरघळवून ते खुशाल वापरावे. कुंडीतील माती कोरडी असल्यास आधी साधे पाणी द्यावे, अन्यथा मुळे करपतात.

खरी सावधगिरी शेजारच्या वस्तूंबाबत हवी. अमोनियम सल्फेट या दुसऱ्या नत्रयुक्त खतामध्ये चुना किंवा लाकडाची राख मिसळली गेली आणि थोडी ओल मिळाली, की अमोनिया वायू सुटतो (तो झोंबणारा वास म्हणजे आपलेच खत उडून चालल्याची वर्दी). पत्र्याचा डबा गंजतो, म्हणून घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा घ्यावा आणि त्यावर खताचे नाव लिहावे.

कंपोस्टला मात्र घट्ट झाकणाचा हा नियम लावू नये. त्यातील जिवाणूंना किंचित ओल आणि खेळती हवा लागते.