बाभळीची काडी की पेस्ट? वनस्पतींच्या अर्कानं दातांची कीड थांबते का?

रानवारा:
मी पेस्ट बंद करून परत बाभळीच्या काडीवर आलोय. आमचे आजोबा बोटाएवढी काडी तोडायचे, टोक दाढेखाली चावून चावून त्याचा कुंचला करायचे आणि अंगणात फेऱ्या मारत निवांत दात घासायचे, म्हातारपणी पण ऊस दातानं सोलून खाल्ला त्यांनी. आता तर लॅबमधे पण दिसलंय की कडुलिंब, बाभूळ, लवंग, पेरूचा पाला यांच्या अर्कानं दात किडवणारा स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्स हा जंतू मरतो. मग ट्यूबवर पैसे कशाला घालवायचे?

प्लेटवाली:
दादा, मी एमएस्सीला हाच प्रयोग केलाय म्हणून बोलते. सावलीत वाळवलेला कडुलिंबाचा पाला, त्याची पावडर, इथेनॉलमधे (म्हणजे अल्कोहोलमधे) भिजवून गाळलेला अर्क. अगारच्या (जंतू वाढवायच्या जेलीच्या) प्लेटवर जंतू पसरायचे, छोटी विहीर पाडून अर्क सोडायचा, रात्रभर ३७ डिग्रीला ठेवायचं आणि सकाळी विहिरीभोवतीचा, जंतू न वाढलेला स्वच्छ गोल पट्टीनं मोजायचा. गोल आला आमचा, पण बाजूला नुसतं इथेनॉल घातलं होतं तिथंही छोटा गोल होताच!! म्हणून नुसता गोल बघून नाचू नये. प्लेटवर अर्क तासन्‌तास तिथंच असतो, तोंडात लाळ त्याला धुऊन नेते. आणि दातावर जंतू सुटे नसतात, साखरेपासून ग्लुकानचा चिकट थर बनवून त्यात दडलेले असतात (सकाळी उठल्यावर जिभेला लागतो तोच).

रानवारा:
मग तो थर काडीनं घासून निघतो की! अरबांकडं मिसवाक, म्हणजे त्यांची दात घासायची काडी, शेकडो वर्षं चालतंय, त्याला डब्ल्यूएचओनं पण चांगलं म्हटलंय. आणि तुमचं ते जंतू मारणारं क्लोरहेक्सिडिनचं माउथवॉश महिनाभर वापरा, दात तपकिरी पडतात, चव जाते.

लेकाची_आई:
मधे बोलते, माफ करा. मुलाची दाढ दुखायला लागली तर मी लवंगाचं तेल कापसाच्या बोळ्यावर घेऊन लावायचे, दहा मिनिटांत रडं थांबायचं, मला वाटलं कीड मरतेय. दोन महिने असंच चाललं आणि मग एका रात्री गालच सुजला. डॉक्टर म्हणाल्या, लवंगातलं युजेनॉल दाढ बधिर करतं, दुखणं दबतं पण भोक आत वाढतच राहतं. अजून वाईट वाटतं मला.

प्लेटवाली:
ताई, तुमचं काही चुकलं नाही, सगळ्यांकडं हेच करतात. दादा, घासण्याचं मान्य, काडी जरूर वापरा. पण कीड म्हणजे फक्त जंतू नाही, जंतू साखर खाऊन ॲसिड करतात, पीएच (ॲसिड मोजायचा आकडा, जितका कमी तितकं ॲसिड जास्त) साधारण ५.५ च्या खाली गेला की दाताचं कवच विरघळायला लागतं, आणि ते परत भरून यायला पेस्टमधलं फ्लोराइड मदत करतं. ते काम कडुलिंबाचा अर्क करत नाही. आजोबांच्या वेळी दिवसातून चारदा चहा-बिस्किट होतं का?

रानवारा:
नव्हतं, सकाळी भाकरी आणि गूळ, बस्स. ठीक आहे, पोरांची पेस्ट चालू ठेवतो. पण काडी मी सोडणार नाही, आणि पोरांचं रात्रीचं चॉकलेट बंद करायचं तुम्हीच आमच्या घरात येऊन सांगा.